१६ तासांचा विमानप्रवास : आई-बाबांना खिडकी नको, आईल सीट द्या!

मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ वर रात्री अकरानंतर गेलात, तर एक दृश्य हमखास दिसते. काट्यावर बॅग चढते, आकडा २४ किलो दाखवतो आणि तिथेच जमिनीवर बॅगा उघडल्या जातात. गोडा मसाला, मेतकूट, डिंकाचे लाडू या बॅगेतून त्या बॅगेत जातात. २३ किलोचा हिशेब ग्रॅमपर्यंत जुळवला जातो. मुलीचे बाळंतपण आहे, सहा महिन्यांचा मुक्काम आहे. तयारीत कसर नसते.

राहून जाते ती एकच गोष्ट. पुढचे १५-१६ तास जेमतेम १७ इंच रुंदीच्या सीटवर बसणार असलेल्या शरीराची तयारी.

‘विमानात आरामात कसे बसावे’ हा विषय आपल्याकडे मानेच्या उशीपुरता आणि डोळ्यांवरच्या पट्टीपुरता उरला आहे. साठी-सत्तरीतल्या, बीपी आणि शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या प्रवाशासाठी मात्र हा तब्येतीचा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की, यातली अर्धी काळजी तिकीट काढतानाच घ्यावी लागते आणि तिकीट काढणारी असतात परदेशातली मुले. उरलेली अर्धी काळजी विमानात घ्यायची असते आणि तिथे आडवा येतो आपला संकोच.

विमानात शरीराला नेमके काय होते?

विमान ३५ हजार फुटांवर उडत असले, तरी आतली हवा दाबाखाली ठेवलेली असते. पण हा दाब जमिनीवरच्या इतका नसतो. साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीच्या डोंगरावर जेवढा असेल, तेवढा असतो. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, त्याची उंची सुमारे ५,४०० फूट. उटी साधारण ७,३०० फुटांवर आहे. म्हणजे मुंबईहून बसलेले आई-बाबा अर्ध्या तासात कळसूबाईच्याही वर पोहोचतात आणि पुढचे १५ तास तिथेच बसून राहतात.

मग आत जमिनीइतका दाब का ठेवत नाहीत? प्रत्येक उड्डाणात विमानाचे शरीर फुग्यासारखे थोडे फुगते आणि उतरताना पुन्हा आक्रसते. दाब जितका जास्त, तितका धातूवर ताण जास्त आणि त्याचे आयुष्य कमी. म्हणून मधला मार्ग काढलेला आहे. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० या नव्या विमानांचा सांगाडा मोठ्या प्रमाणावर कार्बन फायबरचा आहे. तो जास्त दाब सोसतो, त्यामुळे आतली ‘उंची’ सुमारे ६ हजार फुटांपर्यंत खाली ठेवता येते. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचण्याचा उपयोग हा असा.

८ हजार फुटांवर हवेतला ऑक्सिजन शरीराला सुमारे पाव हिश्शाने कमी मिळतो. निरोगी माणसाला ते जाणवतही नाही. पण हिमोग्लोबिन खूप कमी असलेल्यांना, फुफ्फुसाचा जुना आजार असलेल्यांना, नुकताच हृदयाचा झटका येऊन गेलेल्यांना ते जाणवू शकते. अशांनी तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायचे, नंतर नाही. गरज असेल तर विमान कंपनीचा वैद्यकीय माहितीचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. ऑक्सिजन लागणार असेल तर घरचा सिलिंडर नेता येत नाही, कंपनीशी आधी बोलूनच सोय करावी लागते.

दुसरी गोष्ट कोरडेपणाची. बाहेरची हवा उणे ५० अंशांच्या आसपास असते, तिच्यात ओलावा जवळपास नसतोच. तीच हवा आत घेतली जाते, त्यामुळे केबिनमधली आर्द्रता बहुतेक वेळा २० टक्क्यांच्या खाली असते. नाक सुकते, घसा खरखरतो, डोळे चुरचुरतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर विमानात चष्माच बरा. ओठांना, हातांना लावायला छोटी क्रीम आणि नाकात घालायचे सलाइनचे थेंब जवळ असावेत.

तिसरी गोष्ट वायूची. दाब कमी झाला की वायू प्रसरण पावतो, हे आपण शाळेत बॉइलच्या नियमात शिकलो. विमानात वेफर्सचे पाकीट टम्म फुगते ते त्यामुळेच. आपल्या पोटातला वायूही तसाच सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. निघायच्या दिवशी नातेवाईकांनी आग्रहाने वाढलेले छोले आणि वर कोल्ड्रिंक, हा बेत विमानात त्रास देतो. आदल्या रात्री वरण-भात किंवा मुगाची खिचडी उत्तम.

कान दुखतात ते बहुधा उतरताना. त्या वेळी झोपेत असाल तर आवंढा गिळला जात नाही आणि कानातला दाब समान होत नाही. म्हणून विमान खाली येऊ लागले की जागे राहा, लिमलेटची गोळी चघळा. जोराची सर्दी असेल तर डॉक्टरांशी आधी बोला.

रक्ताच्या गुठळीची भीती खरी किती?

लांबच्या विमानप्रवासाबद्दल सर्वांत जास्त भीती असते ती पायात रक्ताची गुठळी होण्याची. वैद्यकीय भाषेत डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, म्हणजे डीव्हीटी. पोटरीच्या आतल्या शिरेत गुठळी होते, ती सुटून फुफ्फुसात गेली तर जीवावर बेतू शकते.

याला कधी काळी ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ असे नाव पडले. पण दोष विमानाचा किंवा इकॉनॉमी क्लासचा नाही, दोष तासन्‌तास एका जागी बसून राहण्याचा आहे. १९४० मध्ये लंडनवर जर्मन बॉम्बहल्ले होत होते, तेव्हा लोक आश्रयस्थानांत आरामखुर्च्यांवर बसून रात्री काढत. कीथ सिम्पसन या डॉक्टरांनी तेव्हाच नोंदवले होते की, अशा लोकांमध्ये फुफ्फुसात गुठळी अडकून होणारे मृत्यू वाढले आहेत. तिथे विमान नव्हते, खुर्ची होती.

जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावर मोठा संशोधन प्रकल्प केला आणि २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. चार तासांपेक्षा जास्त वेळ बसून प्रवास केला की गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. हे विमानाला लागू आहे, तसेच बस, ट्रेन आणि कारलाही. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर १२ तास गाडीत अडकणाऱ्यांनीही हे वाचावे.

दुप्पट हा शब्द घाबरवतो. पण मुळात धोका लहान आहे. निरोगी माणसात चार तासांहून लांबच्या प्रवासानंतर असे साधारण सहा हजारांत एकाला होते. म्हणून घाबरून प्रवास रद्द करायचे कारण नाही. मात्र काहींसाठी हा धोका वाढतो : पूर्वी गुठळी झालेली असणे, कॅन्सर, अलीकडचे ऑपरेशन (गुडघा बदललेला असेल तर नक्की विचारा), स्थूलपणा, गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या, गरोदरपण.

या संशोधनातला एक मुद्दा आपल्या घरांसाठी फार महत्त्वाचा आहे. खूप उंच माणसांप्रमाणे, १.६० मीटरपेक्षा कमी उंचीच्या माणसांमध्येही धोका वाढलेला दिसला. १.६० मीटर म्हणजे सुमारे पाच फूट तीन इंच. आपल्या आया, मावश्या, आज्या यांतल्या कितीजणी याहून उंच आहेत? बुटक्या माणसाचे पाय विमानात जमिनीला नीट टेकत नाहीत. सीटची कड मांडीच्या मागे, गुडघ्याजवळ रुतते. उपाय अगदी साधा आहे. पर्स किंवा छोटी सॅक समोरच्या सीटखाली सरकवून ठेवण्याऐवजी पायाखाली घ्यायची आणि पाय तिच्यावर टेकवायचे. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी तेवढी पुन्हा आत सरकवायची.

मग खिडकी का नको?

पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा ते आकुंचन पावतात आणि रक्त वर सरकते. बसून राहिलो की हा पंप बंद पडतो. म्हणून औषधापेक्षा मोठा उपाय म्हणजे उठणे.

खिडकीजवळ बसलेला माणूस कमी उठतो. अमेरिकेतील छातीविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये खिडकीच्या सीटचा उल्लेख धोका वाढवणारी बाब म्हणून केला आहे. गंमत म्हणजे ‘पाणी कमी प्यायल्याने गुठळी होते’ या सर्वत्र सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीला त्यांना भक्कम पुरावा मिळाला नाही. पाणी प्यायलाच हवे, पण बसल्या जागी बाटली संपवली आणि उठलोच नाही तर पायांना काय उपयोग?

आता आपल्या घरातले चित्र पाहा. मुले प्रेमाने आईला खिडकी देतात, ‘तिला ढग दिसतील’ म्हणून. दोन तासांनी ढग संपतात, बाहेर काळोख होतो. शेजारचे दोघे अनोळखी प्रवासी झोपलेले असतात. बाथरूमला जायचे तर दोघांना उठवायचे. ‘जाऊ दे, कशाला उगाच त्रास,’ म्हणून आई उठत नाही. उठायला लागू नये म्हणून पाणीही पीत नाही. काहीजण तर लघवी जास्त होते म्हणून बीपीची गोळीच त्या दिवशी टाळतात. डॉक्टरांना न विचारता असे करणे धोक्याचे आहे.

कोरड्या हवेपेक्षा, कमी दाबापेक्षा मला हा संकोच जास्त घातक वाटतो. कारण हवेचे काही करता येत नाही, संकोचाचे करता येते. ‘एक्स्क्यूज मी’ हे दोन शब्द आईला शिकवण्यापेक्षा तिला ते म्हणावेच लागणार नाहीत अशी सीट देणे जास्त सोपे आहे.

तिकीट काढताना मुलांनी काय बघावे?

पहिले, आईल सीट, म्हणजे पॅसेजच्या बाजूची. दोघे असतील तर पॅसेजच्या अलीकडची आणि पलीकडची. म्हणजे दोघेही मोकळे आणि एकमेकांच्या नजरेसमोर. त्यासाठी दोन-चार हजार रुपये जास्त पडले तरी ते सीटचे नव्हे, औषधाचे पैसे समजा.

दुसरे, प्रवासाचे तुकडे. मुंबई ते न्यूयॉर्क थेट गेले तर १५-१६ तास सलग. आखातात थांबणारे विमान घेतले तर पहिला टप्पा साधारण तीन तासांचा आणि दुसरा तेरा-चौदा तासांचा, म्हणजे पायांच्या दृष्टीने फारसा फरक नाही. युरोपात थांबा असेल तर प्रवास जवळपास निम्मा-निम्मा होतो. ज्यांना गुडघ्यांचा, पाठीचा त्रास आहे त्यांना हे बरे पडते. ज्यांना विमानतळावरच्या गोंधळाची धास्ती वाटते त्यांना थेट विमान बरे. थांबा घेतलाच तर किमान अडीच-तीन तासांचा घ्या आणि ट्रान्झिट व्हिसाचा नियम आधी तपासा. आठशे रुपये वाचतात म्हणून सत्तर मिनिटांच्या थांब्याचे तिकीट काढणे म्हणजे आई-बाबांना परक्या विमानतळावर धावायला लावणे.

तिसरे, जेवण. मधुमेही किंवा शाकाहारी जेवण निघण्याच्या किमान २४ तास आधी नोंदवावे लागते. तरीही डब्यात दशम्या, राजगिऱ्याचे लाडू, खाकरे असू द्यावेत. विमानातले जेवण दोन तास उशिरा आले तर शुगरची गोळी घेतलेल्या माणसाला थांबून चालत नाही. उरलेले खाणे मात्र उतरण्यापूर्वी संपवा किंवा टाका, अमेरिकेत खाद्यपदार्थांबाबतचे नियम कडक आहेत.

गोळ्या, इन्सुलिन आणि संकष्टी

मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा, हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो. पश्चिमेला जाताना प्रवासाचा दिवस साडेतेहेतीस किंवा साडेचौतीस तासांचा होतो, परतताना तो जेमतेम चौदा तासांचा उरतो. ‘सकाळची गोळी’ नेमकी कोणत्या सकाळची?

याचे उत्तर प्रत्येकासाठी वेगळे आहे, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी. डॉक्टरांकडून एका कागदावर वेळापत्रक लिहून घ्या : विमानात किती वाजता, उतरल्यावर किती वाजता. हातातले घड्याळ पोहोचेपर्यंत मुंबईच्याच वेळेवर ठेवले तर गोंधळ कमी होतो.

इन्सुलिन आणि सगळी औषधे हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसह. चेक-इन बॅगेत इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते आणि बॅगच हरवली तर पहिल्या रात्रीची पंचाईत.

आणि हो, प्रवासाच्या दिवशी संकष्टी किंवा एकादशी आली तर? पश्चिमेला जाताना रात्र लांबत जाते, चंद्रोदय पुढे पुढे सरकतो. मधुमेही माणसाने त्या दिवशी चंद्राची वाट पाहू नये. बाप्पा समजून घेतील, शुगर समजून घेणार नाही.

झोपेची गोळी हा आणखी एक मोह. गाढ झोपलेला माणूस सहा तास पायही हलवत नाही. डॉक्टरांनी सांगितले नसेल तर ती घेऊ नका आणि मद्यासोबत तर कधीच नाही. ‘खबरदारी म्हणून ॲस्पिरिन’ हाही घरगुती सल्ला आहे. केवळ प्रवासासाठी ती घेण्याची शिफारस तज्ज्ञ करत नाहीत.

जागेवर बसून काय करता येईल?

तळपाय टेकवून टाचा उचला, मग टाचा टेकवून चवडे उचला. वीस-तीस वेळा, दर तासाला. घोटे गोल फिरवा. दर दोन तासांनी पॅसेजमधून एक फेरी मारा, सीटबेल्टचा दिवा बंद असेल तेव्हाच. सीटवर मांडी घालून तासन्‌तास बसू नका. सैल कपडे घाला, अंगठ्या आणि घट्ट बांगड्या घरीच ठेवा, हातापायांवर सूज येते. धोका जास्त असलेल्यांना डॉक्टर गुडघ्यापर्यंतचे कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज सुचवतात. ते मापाने घ्यायचे असतात, शेजाऱ्यांचे चालत नाहीत. पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांनी ते स्वतःहून घालू नयेत.

व्हीलचेअर मागणे कमीपणाचे?

‘मला काय धाड भरलीये, मी चालतो,’ हे वाक्य बहुतेक घरांतल्या बाबांचे असते. १५ तास बसल्यावर लगेच लांबलचक कॉरिडॉर, मग इमिग्रेशनची रांग. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईत उतरलेल्या ८० वर्षांच्या एका प्रवाशाचा विमानतळावर मृत्यू झाला. व्हीलचेअर पत्नीला मिळाली होती, दुसरी येईपर्यंत थांबण्याऐवजी ते सोबत चालत निघाले होते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या विमान कंपनीला ३० लाख रुपये दंड केला.

यातून दोन गोष्टी कळतात. व्हीलचेअर तिकिटासोबतच नोंदवायची, दोघांसाठी दोन. आणि ती येईपर्यंत थांबायचे, रांगेतले लोक काय म्हणतील याची पर्वा न करता. पण ज्यांना खरेच गरज नाही त्यांनी रांग चुकवण्यासाठी व्हीलचेअर मागू नये. त्यांची चैन दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याची खुर्ची असते.

कंपन्यांचे काहीच काम नाही?

सगळा भार प्रवाशावर टाकून चालणार नाही. सीट आक्रसल्या आहेत त्या आपोआप नाही. बोइंग ७७७ मध्ये एका ओळीत पूर्वी बहुधा नऊ सीट असत, आता अनेक कंपन्या दहा बसवतात. विमानाची रुंदी तीच आहे. अमेरिकी संसदेने २०१८ मध्ये कायदा करून सीटची किमान मापे ठरवायला सांगितले आणि २०२२ मध्ये तिथल्या विमान नियामकाने त्यावर लोकांची मते मागवली. आपल्याकडे या विषयावर चर्चाही फारशी ऐकू येत नाही.

लांब पल्ल्यात शरीराचे काय होते, हे कंपन्यांना चांगले ठाऊक आहे. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे १८ तासांहून अधिक काळाचे उड्डाण ज्या खास ए३५० विमानाने होते, त्यात सिंगापूर एअरलाइन्सने साधा इकॉनॉमी क्लास ठेवलेलाच नाही. सिडनी-लंडन थेट उड्डाणासाठी क्वांटासने जी विमाने आखली, त्यांत प्रवाशांना उभे राहून हातपाय ताणायला वेगळी जागा ठेवली आहे.

तेवढी चैन आपल्या तिकिटात बसणार नाही, हे मान्य. पण एक मागणी परवडणारी आहे. आठ तासांहून लांबच्या उड्डाणात ६५ वर्षांवरील प्रवाशाला, मागितल्यास, आईल सीट जादा पैसे न घेता मिळावी. ज्या सीटचा संबंध तब्येतीशी आहे, ती जास्त लेगरूमच्या सीटसारखी विकण्याची वस्तू असू नये. महासंचालनालयाने यावर नियम करायला हरकत नाही.

पोहोचल्यावर काय?

प्रवासानंतर दोन्ही पाय थोडे सुजणे नेहमीचे आहे, ती सूज एक-दोन दिवसांत उतरते. पण एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम किंवा लालसर वाटली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अचानक धाप लागणे, श्वास घेताना छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त येणे ही तातडीची लक्षणे आहेत. हे उतरल्या दिवशीच होईल असे नाही, त्यानंतर काही आठवड्यांतही होऊ शकते.

इथे पुन्हा संकोच येतो. ‘इथले डॉक्टर किती महाग, मुलाला खर्च कशाला,’ म्हणून आई पाय तेल लावून चोळत बसते. म्हणून प्रवास विमा काढताना आधीच्या आजारांची माहिती लपवू नका आणि निघण्यापूर्वीच आई-बाबांना स्पष्ट सांगा : दुखले तर त्याच दिवशी सांगायचे, खर्चाचा विचार आमच्यावर सोडायचा.

पुढच्या वेळी आई-बाबांचे तिकीट काढायला बसाल, तेव्हा किमतीच्या रकान्याशेजारचे तीन रकाने आधी वाचा : सीट, थांबा, विमानाचा प्रकार. मग त्यांना फोन करा आणि गोळ्यांचा कागद डॉक्टरांकडून लिहून घ्यायला सांगा. मेतकुटाचे वजन त्यानंतर करता येईल.